घरोघरची विचारपूस : वृद्धांचें दुसरें घर

वृद्ध आईबापांस वृद्धनिवासांत ठेवावें कीं ठेवूं नये, ह्या विषयावर आमच्याकडे अधूनमधून पत्रें येत असतात. बहुतेक पत्रांचा सूर एकच असतो. लिहिणारा आधीं आपली बाजू मांडतो, मग भावाची किंवा जावेची मांडतो आणि शेवटीं आम्हांस न्यायाधीशाच्या आसनावर बसवितो. ह्या वेळचें एक पत्र मात्र निराळें आहे. लिहिणाऱ्या बाई घरांतल्या थोरल्या सूनबाई आहेत. त्यांचें स्वतःचें वय साठीच्या पुढें गेलें आहे, सासूबाई नव्वदीला टेकल्या आहेत, धाकटे दीर परदेशीं असतात आणि खर्चाला नाहीं म्हणत नाहींत. एखादें चांगलें ठिकाण पहावें असें सर्वांनीं मिळून ठरविलें आहे. 'ठेवावें कीं नाहीं हें आम्हांला विचारायचें नाहीं,' असें त्या लिहितात, 'चांगलें ठिकाण ओळखावें कसें तेवढें सांगा. मुलीचें स्थळ पाहतांना काय विचारायचें तें घरांतल्या लहानथोरांस ठाऊक होतें. येथें काय विचारायचें तें कोणीच सांगत नाहीं.'

हा प्रश्न आम्हांस फार आवडला. वृद्धाश्रमाची गोष्ट निघाली कीं आपल्यांत लागलीच पापपुण्याचा खल सुरू होतो. एक पक्ष श्रावणबाळाचें नांव घेतो, दुसरा काळ बदलला असें म्हणतो, आणि ज्या माणसास कोठें तरी राहावयाचें आहे त्याच्या अंथरुणाची, आंघोळीची, औषधांची चौकशी करावयास कोणासच सवड राहत नाहीं. जुन्या एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्यांची सेवा होत असे हें खरें. परंतु 'होत असे' ह्या प्रयोगांत कर्ता लपलेला आहे. ती सेवा करणारी बहुधा एखादी सून, एखादी विधवा आत्या किंवा माहेरीं परत आलेली बहीण असे, आणि तिच्या पाठीचें दुखणें व मोडलेली झोप कोणाच्याच हिशेबांत धरलेली नसे. आज ती आत्या घरांत नाहीं आणि सूनबाई स्वतःच साठीच्या आहेत. साठ वर्षांच्या बाईनें नव्वद वर्षांच्या बाईस उचलून न्हाणीघरांत न्यावें आणि दोघींनींही पडावें, ह्यांत कोणता धर्म साधतो तें आम्हांस कळत नाहीं.

निराधारांसाठीं अशीं घरें आपल्याकडे नवीं नाहींत. पुण्यांतील डेव्हिड ससून ह्यांच्या नांवाचें पंगुगृह, जें आज 'निवारा' म्हणून ओळखलें जातें, तें एकोणिसाव्या शतकांतलें आहे. महाराष्ट्र सरकारची मातोश्री वृद्धाश्रमांची योजना १९९५ सालची. परंतु ज्यांस मुलेंसुना आहेत, पैसाही आहे, फक्त हात पुरत नाहींत, अशांसाठीं निघालेलीं घरें अलीकडचीं. त्यांची गरज वाढतच जाणार. २०११ च्या खानेसुमारींत भारतांत साठीच्या वरचे लोक १० कोटींहून अधिक भरले, आणि महाराष्ट्रांत त्यांचें प्रमाण शेंकडा १० च्या जवळ गेलें.

राहणारा स्वतःच्या खोलींत स्वतंत्र, आणि लागेल तेवढी मदत मात्र हाकेच्या अंतरावर, ही कल्पना मूळची अमेरिकेंतली. केरन ब्राउन विल्सन ह्या बाईंनीं १९८३ सालीं ऑरेगॉन राज्यांतील पोर्टलंड शहरीं असें घर उघडलें. त्यांच्या आईस पंचावन्नाव्या वर्षीं अर्धांगाचा झटका आला आणि पुढें शुश्रूषागृहांत दिवस काढावे लागले. आईस हवें होतें तें फार नव्हतें : स्वतःची लहानशी खोली, थोडेंसें स्वयंपाकघर, आणि आंतून बंद करतां येईल असें दार. ही हकीगत अतुल गावंडे ह्यांनीं 'बीइंग मॉर्टल' ह्या २०१४ सालच्या इंग्रजी पुस्तकांत विस्तारानें दिली आहे. गावंडे हे अमेरिकेंतील नांवाजलेले शस्त्रवैद्य. त्यांच्या वडिलांचें घराणें विदर्भांतल्या उटी गांवचें. आजोबा सीताराम गावंडे शंभरी ओलांडून गेले आणि अखेरपर्यंत मुलानातवंडांत मानानें राहिले. नातवानें त्यांचें चित्र प्रेमानें रेखाटलें आहे, परंतु 'पूर्वीचें तेंच बरें' असा निकाल मात्र दिलेला नाहीं. घरांतल्या तरुणांनीं आपल्या स्वातंत्र्याचें मोल दिलें म्हणजेच तें सुख टिकतें, हेंही ते सांगतात. विल्सनबाईंच्या घराचें मर्म दाराच्या कडींत होतें. आंत कोणी केव्हां यावें हें राहणाऱ्यानें ठरवावयाचें. पुढें मोठमोठ्या कंपन्यांनीं तें नांव उचललें, नक्षीदार इमारती बांधल्या, आणि कडीची गोष्ट पुष्कळ ठिकाणीं मागें पडली. आपल्याकडे तर ती आरंभापासूनच कोणी फारशी मनावर घेत नाहीं.

आतां प्रत्यक्ष पाहणीविषयीं. जाहिरातीच्या पुस्तिकेंत बगीचा, देऊळ, ग्रंथालय आणि हंसतमुख आजीआजोबा असतात. ती पुस्तिका चाळावी आणि बाजूस ठेवावी. रविवारीं सकाळीं दहा वाजतां जाऊं नये. ती वेळ पाहुण्यांसाठीं मांडून ठेवलेली असते. संध्याकाळीं सातच्या सुमारास जावें. साडेसहालाच जेवणें उरकून ताटें घासावयास गेलीं असतील, तर तीं राहणाऱ्यांच्या भुकेप्रमाणें नव्हे, स्वयंपाक्याच्या घरीं जाण्याच्या वेळेप्रमाणें उरकलीं असें समजावें. साडेसहाचें जेवण आणि सकाळीं आठची न्याहारी ह्यांत साडेतेरा तास जातात. मधुमेहासाठीं इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर तेवढ्या वेळांत फार खालीं उतरूं शकते. सकाळीं तें माणूस गोंधळलेलें दिसतें आणि 'वय झालें, आतां असें व्हायचेंच' ह्या एका वाक्यावर तपास संपतो. निजतांना पेलाभर दूध किंवा दोन बिस्किटें मिळतात का, आणि तीं कोण आणून देतो, एवढा साधा प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळतें.

मग दुसऱ्या एखाद्या दिवशीं दुपारीं चार वाजतां जावें. सगळा मजला गाढ निजलेला आढळला तर त्या शांततेचें कौतुक करूं नये. झोपेच्या गोळ्यांनीं व मन शांत ठेवणाऱ्या औषधांनीं म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, बुद्धि मंदावते, तें पडतें आणि खुब्याचें हाड मोडतें. मार्क बीअर्स ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं १९९१ सालीं वृद्धांस शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी तयार केली, ती शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांकरितांच. आजही ती वेळोवेळीं सुधारून वापरली जाते. रात्रीं ओरडणारी आजी गोळी दिल्यावर गप्प होते, परंतु ती ओरडत होती तें पोट फुगल्यामुळें कीं लघवी तुंबल्यामुळें हें पाहणारा कोणी तरी असावा लागतो. आपल्या माणसाच्या औषधांची लेखी यादी दर महिन्यास मागावी आणि नवें औषध कोणी, केव्हां, कशासाठीं सुरू केलें तें विचारावें. ह्या मागणीचा ज्या संस्थेस राग येईल तिच्याविषयीं आम्हांस अधिक सांगावयाचें नाहीं.

खोलींत गेल्यावर पाण्याचा पेला कोठें आहे तें पहावें. उतारवयांत तहान लागल्याची जाणीवच कमी होते. पाणी कोणी तरी हातीं द्यावें लागतें. उलट, पाणी जास्त प्यालें कीं वारंवार शौचकूपास न्यावें लागतें, म्हणून कामाचा भार असलेलीं माणसें नकळत पाणी कमीच पाजतात. पेला पलंगापासून चार हातांवर, खिडकींत असेल, तर तो शोभेसाठीं आहे. हीच गोष्ट डायपरची. चालूं शकणाऱ्या माणसास दोन्ही बाजूंस आधार देऊन शौचास नेण्याऐवजीं डायपर बांधून ठेवणें संस्थेस सोयीचें असतें. परंतु एकदां ती संवय लागली कीं माणसाचे पायही जातात आणि अभिमानही जातो. न्हाणीघरांत धरावयास दांडे आहेत का, फरशी ओली असतां घसरते का, उंबरठा किती उंच आहे, हें तर कोणीही पाहील.

अंथरुणाच्या जखमांविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण चांगल्या व वाईट निगेची इतकी उघड खूण दुसरी नाहीं. माणूस एकाच कुशीवर किंवा पाठीवर पडून राहिलें म्हणजे हाड आणि गादी ह्यांच्यामध्यें कातडी दाबली जाते, तेथील रक्त थांबतें आणि कांहीं तासांतच आंतलें मांस मरूं लागतें. माकडहाड, खुबे आणि टाचा ह्या तिच्या ठरलेल्या जागा. प्रथम नुसती लाली दिसते. बोटानें दाबून सोडली तरी ती फिकी होत नाहीं. त्याच वेळीं लक्ष गेलें तर बहुधा निभावतें. नाहीं गेलें तर आठपंधरा दिवसांत तेथें खड्डा पडतो, आणि नव्वदीच्या माणसाचा तो खड्डा भरून येण्यास महिने लागतात. कित्येकदां तो भरतच नाहीं. उपाय जुनाच आहे. दर दोन तासांनीं कूस बदलावी, कातडी कोरडी ठेवावी, अंगांत अन्न जाईल असें पहावें. हवेची गादी उपयोगी आहे, परंतु गादी घेतली म्हणून कूस बदलणें सोडतां येत नाहीं. रात्रीं दोन वाजतां आणि चार वाजतां कूस कोण बदलतें, हा प्रश्न म्हणूनच विचारावा. तसेंच, आज येथें अशा जखमा असलेलीं माणसें किती आहेत आणि त्यांतलीं किती जणांस त्या येथें आल्यावर झाल्या, हेंही विचारावें. 'आमच्याकडे असलें कांहीं नाहीं' असें चटकन् सांगणाऱ्या घरापेक्षां नोंदवही उघडून 'दोन आहेत, एक बरी होत आहे' असें दाखविणारें घर आम्ही पसंत करूं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र ह्या तीन वस्तु अशा घरांत हरवतात किंवा अदलाबदल होतात. श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असते आणि महिनाभर कोणी पाहत नाहीं. आजोबा उत्तरें भलतींच देतात. मग त्यांस विस्मृतीचा रोग जडला अशी नोंद होते. कवळी हरवली कीं जेवण पातळ होतें, वजन उतरतें. ह्या वस्तूंवर नांव घालून द्यावें, आणि भेटीस गेल्यावर प्रकृति विचारण्याआधीं बॅटरी पहावी.

हें सर्व करणारें माणूस म्हणजे डॉक्टर नव्हे, व्यवस्थापक नव्हे, तर मावशी. ती बहुधा एखाद्या ब्यूरोमार्फत आलेली असते, बारा बारा तासांची पाळी करते, आणि शिक्षण म्हणाल तर तिच्याआधींच्या मावशीनें दाखविलें तेवढेंच. व्यवस्थापकास शंभर प्रश्न विचारण्यापेक्षां मावशीस दोन विचारावेत : बाई, तुम्ही येथें किती दिवस आहांत, आणि रात्रीं तुमच्याकडे किती जण असतात? ज्या घरांत मावशा वर्षानुवर्षें टिकतात तेथें पगार वेळेवर मिळतो आणि माणसासारखें वागवितात असें समजावयास हरकत नाहीं; आणि ज्यांस माणसासारखें वागविलें जातें तींच दुसऱ्यांस तसें वागवितात. ती राहणाऱ्यांस कशी हांक मारते तेंही कान देऊन ऐकावें. सगळ्यांस सरसकट 'ए आजी' म्हणणें वेगळें आणि 'लीलाताई, चहा घेतां ना?' म्हणणें वेगळें.

येथें आमच्या वाचकांस एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्याच घरांतलीं कांहीं वडील मंडळी मावशीस आडनांव विचारून मग तिच्या हातचें पाणी नको म्हणतात, देव्हाऱ्याजवळ येऊं देत नाहींत, आणि तीच मावशी त्यांचें मलमूत्र मात्र काढीत असते. तिनें मनापासून सेवा करावी अशी अपेक्षा मग कोणत्या तोंडानें करावी? सोंवळें ज्यांस पाळावयाचें त्यांनीं आपल्यापुरतें पाळावें. एकादशीचा फराळ, कांदालसूण नसलेलें ताट ह्यांची व्यवस्था होते का तें आधीं विचारून घ्यावें, त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु दुसऱ्याचा अपमान हा कोणाच्या आहाराचा भाग होऊं शकत नाहीं, हें ठेवणाऱ्या मुलांनींच आईबापांस पहिल्या दिवशीं स्पष्ट सांगावें.

१९७६ सालीं एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन ह्या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनीं अमेरिकेंतील कनेटिकट राज्यांतल्या एका शुश्रूषागृहांत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या वृद्धांस प्रत्येकीं एक रोपटें देऊन सांगितलें, त्याची निगा तुम्हीच ठेवा, आणि आपल्या दिवसाची आंखणीही तुम्हीच करा. दुसऱ्या मजल्यावरही रोपटीं दिलीं, पण पाणी परिचारिका घालतील असें सांगितलें. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचीं माणसें अधिक तरतरीत, अधिक मिळून-मिसळून वागणारीं दिसूं लागलीं. एवढ्याशा प्रयोगावर फार मोठा इमला रचूं नये. परंतु कुंडींतल्या तुळशीला स्वतः पाणी घालणारी आपली आजी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें खोटें वाटणार नाहीं. खोलींत स्वतःचा देव्हारा, स्वतःची खुर्ची, जुना पितळी डबा नेतां येतो का? सकाळचा चहा सहाला हवा असेल तर सहाला मिळतो का? दाराला आंतून कडी आहे का?

आणि ह्याच संदर्भांत पत्र लिहिणाऱ्या सूनबाईंस आम्हांला एक विचारावयाचें आहे. आपल्या चार पानी पत्रांत थोरल्या मुलाचें मत आहे, धाकट्याचें आहे, जावेचें आहे, डॉक्टरांचेंही आहे. सासूबाईंचें मत कोठेंच नाहीं. त्यांची स्मृति शाबूत आहे असें आपणच लिहितां. मग पाहावयास जातांना त्यांस बरोबर न्यावें, दोनतीन ठिकाणें दाखवावीं, तेथें एक वेळ जेवूं घालावें. त्या नाहीं म्हणतील ही भीति आम्ही समजूं शकतों. परंतु नाहीं म्हणण्याचा अधिकार ज्यास आहे त्याच्याच होकाराला किंमत असते. 'आठ दिवस हवापालट करून या' अशी थाप मारून नेऊन सोडलेलीं माणसें त्या घरांत जी पहिली रात्र काढतात ती पुढें कितीही चांगली निगा राखली तरी विसरत नाहींत.

कायद्याचा आधार ह्या बाबतींत थोडा आहे, आणि तो कोठवर पोंचतो हें माहीत असलेलें बरें. अमेरिकेंत १९८७ च्या कायद्यानें शुश्रूषागृहांतील रहिवाशांस खुर्चीस किंवा पलंगास बांधून न ठेवलें जाण्याचा हक्क मिळाला, आणि २००८ पासून तेथें अशा गृहांस एक ते पांच तारे देण्याची सरकारी पद्धति आहे. तरी तारे मोजतांना धरलेले कांहीं आंकडे संस्थांनींच कळविलेले असतात, म्हणून जाणते लोक स्वतः जाऊन पाहतातच. शिवाय हे नियम शुश्रूषागृहांचे; निव्वळ सहाय्य देणाऱ्या निवासांचे नियम तेथें प्रत्येक राज्याचे वेगळे. आपल्याकडे २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा आहे. त्याखालीं मुलांकडून निर्वाहखर्च मागतां येतो; जिल्ह्याजिल्ह्यांत किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असें घर राज्य सरकारांनीं काढावें असेंही त्यांत म्हटलें आहे. पैसे घेऊन चालविलेल्या खाजगी घरांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरविण्याची तरतूद २०१९ च्या डिसेंबरांत लोकसभेपुढें आलेल्या दुरुस्ती-विधेयकांत होती; तें मंजूर न होतां २०२४ सालीं त्या लोकसभेबरोबरच संपलें. महारेरानें २०२४ सालीं निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठीं नियम घालून दिले आहेत, परंतु ते मुख्यतः इमारतीचे : उद्वाहन, रुंद दरवाजे, धरावयाचे कठडे. भिंतींचा दर्जा त्यांनीं राखला जाईल. रात्रीं दोन वाजतां कूस कोण बदलतें हें त्यांत कोठून येणार? 'आमची संस्था नोंदलेली आहे' असें कोणी अभिमानानें सांगितलें तर ती सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे इतकाच बहुधा त्याचा अर्थ असतो. न्यासाच्या नोंदणीचा निगेशीं संबंध नाहीं.

म्हणून करारनामा नीट वाचावा. मोठी अनामत घेतलेली असेल तर ती कोणत्या कारणानें कापली जाईल, आणि राहणारें माणूस निघून गेल्यास किंवा वारल्यास किती दिवसांत कोणास परत मिळेल, हें लिहून घ्यावें. दरवर्षीं शुल्क किती वाढेल तेंही लिहून घ्यावें. सर्वांत महत्त्वाचें कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतें : 'रहिवासी स्वतःचीं नित्यकर्में करण्यास असमर्थ झाल्यास कुटुंबीयांनीं त्यास घेऊन जावें.' म्हणजे ज्या दिवसासाठीं आपण हें सर्व करीत आहों तो दिवस उजाडला कीं संस्था हात झटकणार. असें कलम असलेलीं घरें वाईट असतात असें नव्हे. चालत्याबोलत्या माणसांकरितां तीं उत्तम असूं शकतात. पण मग पुढची व्यवस्था काय, हें आजच विचारून ठेवावें, आणि त्याच शहरांत अंथरुणास खिळलेल्यांस ठेवून घेणारें दुसरें ठिकाण पाहून ठेवावें.

घर किंवा ठेव आईच्या नांवावर असेल तर ह्या गडबडींत तिची सही घेऊं नये. द्यावयाचेंच असेल तर बक्षीसपत्रांत 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द स्पष्ट घालावेत. ती अट मोडल्यास २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणें तें हस्तांतर रद्द होऊं शकतें.

कांहीं संस्था पंधरा दिवस किंवा महिनाभर चाचणीसाठीं ठेवून घेतात. अशी सोय असेल तर ती अवश्य घ्यावी. पहिल्या आठवड्यांत रोज, पुढें एक दिवसाआड, वेळ न कळवितां जावें. आणि ती मुदत संपेपर्यंत सासूबाईंची घरांतली खोली दुसऱ्या कोणास देऊं नये, त्यांचा पलंगही हलवूं नये.